कॅप्टनना दम लागतो

कॅप्टन म्हणजे जहाजावरचे नव्हेत, आणि फौजेतले तर मुळीच नव्हेत. शेजारच्या टेबलावर फुगा फुटला तरी त्यांच्या काळजाचा ठोका चुकतो. मोठ्या हॉटेलात जो वेटर लोकांच्या वर असतो, पाहुण्यांना खुर्ची ओढून देतो, काय मागवावं ते सुचवतो आणि बाकीच्यांना नुसत्या भुवईने पळवतो, त्याला कॅप्टन म्हणतात. आपले कॅप्टन त्या हुद्द्यावर इतकी वर्षं होते, की बायकोसुद्धा चिडली की 'अहो कॅप्टन' म्हणायची. चिडलेली नसली की नुसतं 'अहो'.

हॉटेलचं किचन तळघरात आणि जेवणाचा हॉल वर. मधे दगडी जिना, जिन्याला एक वळण, वळणावर अरुंदसा आरसा. वर जाणाऱ्याने स्वतःला एकदा बघून घ्यावं म्हणून लावलेला. ताटं वर न्यायला छोटी लिफ्ट होती, पण कॅप्टनचा तिच्यावर काडीचा विश्वास नव्हता. "लिफ्टमधून आलेलं सूप दमलेलं असतं," असं ते म्हणायचे. त्यामुळे खास टेबलांचे ट्रे ते स्वतः उचलायचे. उजव्या तळहातावर ट्रे, डावा हात पाठीमागे, मान ताठ.

पोरसवदा असताना ज्या म्हाताऱ्या वेटरने त्यांना हे काम शिकवलं, त्याने एकच गोष्ट कानीकपाळी ओरडून सांगितली होती. पाहुण्याला तुझा दम दिसता कामा नये. तू धापा टाकल्यास की त्याला वाटतं, आपण या माणसाला त्रास दिला. मग त्याच्या घशाखाली घास उतरत नाही. म्हणून जिन्याच्या शेवटच्या पायरीवर सगळा श्वास सोडून द्यायचा, तोंड मिटायचं, हसायचं, आणि मग खांद्याने दार ढकलायचं.

हे त्यांच्या अंगात इतकं मुरलं होतं, की घरी वाण्याचं सामान घेऊन आले तरी दारात हसतच उभे राहायचे.

गेलं वर्षभर मात्र त्या वळणावर काहीतरी व्हायला लागलं होतं. छातीच्या मधोमध कुणीतरी मूठ दाबून धरावी तसं. कधी ती मूठ गळ्यातून वर सरकून जबड्यात जाऊन बसायची. थांबलं की सुटायची, चढायला लागलं की पुन्हा हजर. दुखणं म्हणावं तर दुखणंही नव्हे. कॅप्टननी त्यावर सोपा उपाय काढला. वळणावर ट्रे कठड्यावर टेकवायचा आणि आरशात बघून गळ्यातला बो नीट करायचा. थांबायला इतकं सभ्य कारण दुसरं नाही.

डॉक्टरकडे जायचं नाव काढलं नाही त्यालाही कारण होतं. हृदयाचं काही निघालं, की मालक प्रेमाने खुर्ची देणार. दाराजवळच्या छोट्या टेबलामागची खुर्ची. तिथे बसून फोन घ्यायचे, टेबलं राखून ठेवायची, आल्यागेल्याकडे बघून मान हलवायची. वयाला शोभेल असं काम. कॅप्टनना छातीतल्या मुठीपेक्षा त्या खुर्चीची भीती जास्त वाटायची.

पण त्यांच्या दुर्दैवाने, किंवा सुदैवाने म्हणू, भांडी घासणाऱ्या मावशींचं बेसिन बरोब्बर जिन्यासमोर होतं.

"काय हो कॅप्टन," एका संध्याकाळी मावशींनी नळ चालू ठेवूनच विचारलं, "तुमचा तो बो ढिला झालाय का फार?"

"का?"

"नाही, मागच्या वर्षापर्यंत घरूनच नीट बांधून यायचात."

"मावशी, तुम्ही भांड्यांकडे लक्ष द्या."

"भांडी काय पळून जातायत? तुम्हीच जाल एक दिवस. ट्रेसकट. आणि ती काच झाडायला कोण येणार? मीच!"

कॅप्टननी भुवई उंचावली. त्या भुवईने अख्खा हॉल हलायचा. मावशींनी तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही. उलट त्याच आठवड्यात त्यांनी कॅप्टनच्या घरी फोन लावला. नंबर कुणाकडून मिळवला, ते आजतागायत कुणाला सांगितलेलं नाही.

त्या दिवशी कॅप्टन घरी पोचले तेव्हा बायको शिलाई मशीनवर कुणाच्या तरी पँटची उंची कमी करत होती. तिने पाय थांबवला.

"अहो कॅप्टन."

एवढ्यावरूनच त्यांना कळलं, की आता आपली खैर नाही.

"छातीत कधीपासून होतंय?"

"कुणी सांगितलं?"

"मी काय विचारलं?"

"अगं, वय झालं. माझं वय चढतंय, पण जिना काही उतरत नाही."

"विनोद तुमच्या पाहुण्यांना सांगा. उद्या डॉक्टर."

हृदयाच्या डॉक्टर मध्यम वयाच्या बाई होत्या, कपाळावर चष्मा ढकललेला. त्यांनी ईसीजी काढला, आणि तो अगदी स्वच्छ निघाला. कॅप्टन असे फुलले, की जणू तो त्यांनीच शिजवला होता.

"बघितलंस?" ते बायकोला म्हणाले.

"थांबा," डॉक्टर म्हणाल्या. "हा झोपलेल्या हृदयाचा कागद आहे. तुम्ही झोपून ट्रे नेता का?"

बायको खुदकन हसली. कॅप्टन नाही हसले.

"तुमचा त्रास चढताना होतो, तर मला तुमचं हृदय चढतानाच बघायला हवं. त्याला स्ट्रेस इको म्हणतात. आधी तुम्हाला झोपवून हृदयाची सोनोग्राफी करायची. मग ट्रेडमिलवर चालवायचं. दर तीन मिनिटांनी पट्टा थोडा जोरात, थोडा चढा. हृदय पुरेसं जोरात धावलं, की लगेच पुन्हा झोपवून पुन्हा सोनोग्राफी. आधीचं आणि नंतरचं शेजारी शेजारी ठेवून बघायचं. ज्या भागाला रक्त कमी पडतं, तो भाग आरामात असताना गुण्यागोविंदाने काम करतो. पळायला लागलं की मागे राहतो."

"आणि पळताना काही झालं तर?" बायकोने विचारलं. मघाचं हसू मावळलं होतं.

"क्वचित होतं. नाही असं मी म्हणणार नाही. पण त्यासाठीच मी खोलीत असते, आणि लागणारं सगळं हाताशी असतं. काही व्हायचंच असेल, तर जिन्यापेक्षा माझ्यासमोर झालेलं बरं."

बायकोला ते पटलं. मग तिने एकेक गोष्ट विचारून घेतली. तपासणीआधी चार तास पोटात काही नको. पाणी घोटभर चालेल. आदल्या दिवशीपासून चहा-कॉफी बंद. चालायचे बूट, सैल पँट, पुढून उघडणारा शर्ट. आणि रक्तदाबाच्या गोळ्यांमधली एक आदल्या दिवशीपासून नको.

"ही हृदयाला लगाम घालते," डॉक्टर गोळी दाखवत म्हणाल्या. "आणि मला ते मोकळं धावताना बघायचंय. बाकीच्या चालू ठेवा. पण हे मी तुमचा कागद बघून तुमच्यापुरतं सांगतेय. आपल्या मनाने एकही गोळी बंद करायची नाही, आणि शेजाऱ्यालाही हा सल्ला द्यायचा नाही."

"आमच्या वरच्या मजल्यावरच्यांना तेवढंच काम असतं," बायको म्हणाली.

घरी येईपर्यंत कॅप्टननी मनाशी ठरवून टाकलं होतं. ही परीक्षा आहे ना? मग पास व्हायचं. पट्टा कितीही चढो, चेहरा मोडू द्यायचा नाही. आयुष्यभर दुसरं केलं काय?

तपासणीच्या खोलीत एक टेक्निशियन मुलगी होती. केसांचा अंबाडा, त्यात पेन खोचलेलं, आणि बोलणं असं की कॅप्टनना ती लहानपणापासून ओळखत असावी.

"काका, सकाळपासून काही खाल्लंत?"

"नाही."

"कालपासून कॉफी?"

"नाही." मग थोडं थांबून, "चाखली मात्र."

"चाखली म्हणजे?"

"काल संध्याकाळी. चमचाभर. हॉलची कॉफी मी चाखल्याशिवाय वर जात नाही. ती पिणं नव्हे, ते काम आहे."

मुलीने डॉक्टरांकडे बघितलं. डॉक्टर हसू दाबत म्हणाल्या, "कालच्या चमच्याने आज काही बिघडणार नाही. पण सांगितलंत ते फार बरं केलंत. सांगत चला."

इतका प्रामाणिक माणूस छातीतल्या मुठीबद्दल मात्र तोंडाला कुलूप घालून बसणार होता.

मुलीने छातीवरचे थोडे केस काढले, चिकटपट्ट्या लावल्या, त्यांना वायरी जोडल्या, दंडाला रक्तदाबाचा पट्टा बांधला. मग दिवे मंद करून डाव्या कुशीवर झोपवलं, डावा हात डोक्याखाली. "गार लागेल हं," म्हणत तिने जेल लावलं आणि फासळ्यांमध्ये एक छोटं यंत्र दाबून धरलं. "श्वास सोडा... धरा... छान... घ्या."

पडद्यावर करड्या रंगात काहीतरी उघडत-मिटत होतं.

"ते मी आहे?"

"ते तुमचं हृदय आहे काका."

कॅप्टन बघत राहिले. इतकी वर्षं तळघरात राबणारं कुणीतरी, ज्याला त्यांनी कधी वर बोलावलं नव्हतं, ज्याची कधी विचारपूस केली नव्हती. एक झडप पाखरासारखी फडफडत होती. कॅप्टननी झोप काढली, सुट्टी घेतली, लेकीच्या जन्माच्या वेळी दोन दिवस कामावर गेले नाहीत. ते मात्र एकदाही थांबलं नव्हतं. त्यांचे डोळे भरून आले, आणि त्यांनी गारठ्याचं निमित्त करून ते पुसले.

"आता एक तालीम करू," मुलगी दिवे लावत म्हणाली. "पट्टा थांबला, की बूट काढायचे नाहीत, घाम पुसायचा नाही, पाणी मागायचं नाही. सरळ पलंगावर, डाव्या कुशीवर. मिनिटाच्या आत फोटो घ्यायला लागतात. हृदय शांत झालं की ज्यासाठी पळालो तेच निसटलं. कळलं? चला, करून दाखवा."

कॅप्टन पट्ट्यावरून उतरले, समोर डॉक्टर उभ्या दिसल्या, तर अदबीने बाजूला होऊन त्यांना हाताने वाट दाखवली.

"काका! आज तुम्ही पाहुणे. डॉक्टरांना ढकलून पलंगावर जायचं."

"ढकलून?"

"ढकलून."

पट्टा सुरू झाला. सुरुवातीचा वेग म्हणजे जेवण झाल्यावरची शतपावली. कॅप्टनचा डावा हात आपोआप पाठीमागे गेला.

"काका, हात समोर. दांडीवर हलका ठेवा, लटकू नका. छातीत काही होतंय?"

"उत्तम आहे."

पट्टा चढला. मुलगी पडद्यावरचे आकडे सांगत होती, डॉक्टर ईसीजीच्या रेषांवर नजर रोखून होत्या. दंडावरचा पट्टा फुगत होता, सुटत होता.

"दम? चक्कर?"

"छे, छे. उत्तम."

पट्टा पुन्हा चढला. आणि मूठ आली. नेहमीच्या जागी, नेहमीसारखी, फक्त आज वळण नव्हतं. कॅप्टननी सगळा श्वास सोडला, तोंड मिटलं, आणि हसले. हॉलमधलं ते प्रसिद्ध हसू.

मुलगी त्यांच्याकडे टक लावून बघत होती.

"काका, तुम्ही हसताय का?"

"सवय."

"दुखतंय का?"

"उत्तम."

"सगळं विचारलं की एकच उत्तर! तुम्ही हॉटेलात असता ना? तुम्ही पाहुण्यांना विचारता, जेवण कसं झालं. काय म्हणतात?"

"छान," कॅप्टन कसेबसे म्हणाले.

"सगळे?"

"सगळे."

"मग त्यावरून तुम्हाला काय कळतं?"

कॅप्टनना उत्तर माहीत होतं. काही कळत नाही. लोक 'छान' म्हणतात, अर्धं ताट टाकतात, हसत हसत जातात आणि पुन्हा फिरकत नाहीत. सगळ्या आयुष्यात त्यांनी मनापासून मानलेला पाहुणा कोण, तर जो हळूच बोलावून सांगायचा, की सूप गार आहे. तेवढ्या एका वाक्यावर किचनमध्ये सगळी सूत्रं हलायची. ताट बदलायचं, आचारी सावध व्हायचा, पुढची दहा टेबलं सुधारायची. आणि 'छान' म्हणणाऱ्यांसाठी कुणी काही करू शकत नसे.

मूठ जबड्यापाशी पोचली होती.

"सूप..." कॅप्टन म्हणाले.

"काय?"

"सूप गार आहे."

मुलीने डॉक्टरांकडे बघितलं. म्हातारा बरळायला लागला की काय! पण कॅप्टनचं हसू गेलं होतं. पहिल्यांदाच त्यांचं तोंड उघडं होतं आणि ते सगळ्यांसमोर, उजेडात, खुशाल धापा टाकत होते.

"दुखतंय. इथे. मधोमध. जबड्यापर्यंत जातंय. वर्ष झालं. जिन्यावर रोज होतं."

"शाब्बास!" डॉक्टर म्हणाल्या. "रेषा मघापासून कुरकुरत होत्या, मी तुमच्या तोंडाची वाट बघत होते. थांबव गं. चला, पलंग!"

पट्टा थांबला. कॅप्टननी डॉक्टरांना ढकललं नाही, पण वाटही दिली नाही. बुटांसकट आडवे झाले, आणि मुलीचा हात आधीच फासळ्यांवर होता. "श्वास सोडा, धरा. घ्या. पुन्हा सोडा. धरा." धापा लागलेल्या माणसाला श्वास धरायला लावणं म्हणजे छळच, पण त्यांनी तो धरला. डॉक्टरांनी जिभेखाली औषधाचा फवारा मारला. थोड्या वेळात मूठ सैल झाली, मग बोटं, मग नुसती आठवण उरली.

ठोके जाग्यावर येईपर्यंत त्यांना तिथेच झोपवून ठेवलं. बायकोला आत बोलावलं. डॉक्टरांनी पडद्यावर दोन चित्रं शेजारी शेजारी लावली.

"हे पळायच्या आधीचं. सगळ्या भिंती एका तालात आत येतायत. आणि हे नंतरचं. ही मागची भिंत बघा, जोरात आत येतेय. आणि ही पुढची?"

बायकोने चष्मा लावला. "ही कंटाळलीय."

"कंटाळली नाही, उपाशी आहे. पुढच्या बाजूच्या रक्तवाहिनीत अडथळा असणार. आता अँजिओग्राफी करून तो नेमका कुठे आहे ते बघू. पण स्नायू अजून जिवंत आहे, शाबूत आहे. वेळेवर आलात."

बायको रडायला लागली. मग रडता रडताच म्हणाली, "वर्ष झालं म्हणे! अहो कॅप्टन, घरी चला, तुम्हाला दाखवते."

"आत्ता ओरडू नका त्यांना," टेक्निशियन मुलगी जेल पुसत म्हणाली. "आज पहिल्यांदा खरं बोललेत."

कॅप्टननी तिचा हात धरला. आभार मानायचे होते, आणि लक्षात आलं की आपल्याला ते येतच नाही. आयुष्यभर आभार घेतले, मान झुकवून बाजूला झाले. द्यायची पाळीच आली नव्हती. शब्द जुळवता जुळवता एवढंच निघालं, "पोरी, तू विचारत राहिलीस."

"आमचं कामच आहे ते काका."

हे वाक्य त्यांनी स्वतः किती वेळा फेकलं असेल! त्याच्या आत किती उभं राहणं असतं, किती दुखणारे पाय, ते त्यांना चांगलं ठाऊक होतं. म्हणून त्यांनी हात लगेच सोडला नाही.

अँजिओग्राफीत अडथळा दिसलाच, आणि बराच होता. त्याच आठवड्यात स्टेंट बसला. मालक भेटायला आले आणि अपेक्षेप्रमाणे प्रेमाने म्हणाले, "आता तुम्ही खुर्चीवर बसा." कॅप्टननी ते ऐकलं, आणि स्वतःच चकित झाले, कारण खुर्चीची भीतीच वाटली नाही. "डॉक्टर म्हणतील तोवर बसतो," ते म्हणाले. "मग उभा राहीन. बसून राहायला नको, चालायलाच हवं, असं त्याच म्हणाल्यात." काही आठवडे ते खुर्चीवर बसले. खुर्चीने काही खाल्लं नाही त्यांना. मग डॉक्टरांनी हिरवा कंदील दाखवला: जिना चालेल, सावकाश, ट्रे तरण्यांना उचलू द्या, गोळी एक दिवसही चुकवायची नाही, आणि काही झालं तर सांगायचं.

पहिल्या दिवशी ते थेट वर गेलेच नाहीत. आधी खाली, बेसिनपाशी गेले. कॅप्टन बेसिनपाशी कधी येत नसतात. मावशी कोपरापर्यंत फेसात होत्या.

"आलात?" त्यांनी मागे न बघताच विचारलं.

"आलो. मावशी, तुम्ही फोन केला नसता तर..."

"तर काच झाडावी लागली असती. सांगितलं होतं ना."

"मस्करी नाही. आज मी तुमच्यामुळे उभा आहे."

"उभे कशाला राहता मग, बसा की." त्या कढईवर काथ्या घासत राहिल्या. पाठ कॅप्टनकडेच होती, पण घासणं जरा जास्तच जोरात चाललं होतं. कढईचा काय अपराध! मग नाक ओढून त्यांनी विचारलं, "कसं वाटतंय आता?"

"छा..." कॅप्टन म्हणाले आणि उरलेलं अक्षर गिळून टाकलं.

वरून कुणीतरी त्यांना हाक मारत होतं. ते हलले नाहीत.

"घरचा जिना चढताना काही होत नाही," ते म्हणाले. "खरंच नाही होत. पण मावशी, भीती वाटते. मधेच छातीला हात लावून बघतो, चालू आहे ना म्हणून. बायकोला अजून सांगितलं नाही. सांगेन. आज सांगेन."

मावशींनी नळ बंद केला. ओल्या हाताने पदराचं टोक शोधलं, ते मिळालं नाही म्हणून हात तसेच ठेवले, आणि पायाने स्टूल त्यांच्याकडे सरकवलं.

"बसा," त्या म्हणाल्या. "नीट सांगा. पहिल्यापासून."